आम्ही भात सोडला तेव्हा

डॉक्टरनं दोन्ही रिपोर्ट टेबलावर शेजारी शेजारी ठेवले आणि म्हणाला, "वा, जोडीनं आलात, साखरही जोडीनंच निघाली!" आणि स्वतःच हसला. मला काही हसू आलं नाही. माझी साखर काठावर होती, म्हणजे आमच्या शाळेच्या भाषेत ढकलपास. मी शाळेत बाबू आहे. असले निकाल लिहिण्यात जन्म गेला, त्यामुळे काठावरच्यांचं मला फारसं वाटत नाही. पण बायकोची साखर गोळ्या चालू असूनही पार हाताबाहेर गेली होती. डॉक्टर तिच्याकडे वळला. "ताई, तीन महिने देतो. घरचं साधं जेवण करा, तांदूळ कमी करा, धान्य कोंड्यासकट खा, रोज चाला. तीन महिन्यांत उतरली नाही तर इन्सुलिनची सुई लागेल. रोज."

तो 'रोज' ऐकला आणि ही गप्प झाली. आमची ही मोटारसायकलवर मागे बसली की तोंड बंद ठेवणारी बाई नाही. कोणाच्या अंगणात काय वाळत घातलंय, कोणाची म्हैस रोडावली, सगळ्यावर तिचं मत असतं. त्या दिवशी भंडारा ते मोहाडी एक शब्द नाही. मी दोनदा मागे वळून पाहिलं, बाई आहे का उतरली म्हणून.

घरी आल्यावर पाणी प्यायली आणि मग बोलली. "मी आईले टोचत होती. मले कोन टोचन?"

हिचं माहेर पवनीचं. सासूबाईंना साखर होती आणि त्यांना रोज सकाळी सुई हीच द्यायची, शाळकरी पोरगी असल्यापासून. घरात दुसऱ्या कोणाचा हात धजत नव्हता. लग्नाच्या दिवशीसुद्धा हळदीच्या अंगानं आधी आईला सुई दिली आणि मग ही मांडवात आली. सासूबाई डोळे घट्ट मिटून बसायच्या, सुई निघाली तरी मिटलेलेच. पुढे पुढे ते डोळे उघडले तरी त्यांना दिसेनासं झालं. हिच्या मनात सुई म्हणजे ते सगळं आहे. तसं पाहिलं तर ही शिवणकाम करते, दिवसभर सुईशीच खेळते. बोटात घुसली तर चोखून पुढचं काज करायला घेते. पण ती सुई वेगळी आणि ही वेगळी.

"सोताच टोचून घेतात लोकं," मी म्हणालो.

"माहा हात नाई उचलत सोतावर. आन तुमचं तं बोलूच नका. लेकराले लस देत होते तं दवाखान्याच्या बाहेर पळाले होते तुमी."

खरं होतं. मी पळालो होतो. सुई पाहिली की माझे पाय आपोआप दाराकडे वळतात, त्याला मी काय करू? पण बायकोनं ते इतक्या वर्षांनी काढावं, याचा मला राग आला आणि त्या रागातच मी जाहीर केलं की उद्यापासून स्वयंपाक मी करणार.

आता आमच्या घरात तोवर स्वयंपाक होत होता असं म्हणणं म्हणजे थापच. मुलगा-मुलगी नोकरीला बाहेर गेल्यापासून 'दोघांसाठी काय गंज चढवायचा' असं सुरू झालं होतं. गंज म्हणजे पातेलं. सकाळी बसस्टँडवरून तर्री-पोहे, दुपारी कसाबसा भात आणि त्यावर पाकिटातल्या मसाल्याचं वरण, चार वाजता समोसे, रात्री पुन्हा भात किंवा दोन मिनिटांच्या शेवया. हिच्याकडे लग्नसराईचे ब्लाउज पडलेले असायचे, माझ्याकडे आळस पडलेला असायचा. समोसेवाला मला लांबून पाहिलं की कढईत चार सोडायचा, इतका भरवसा.

दुसऱ्या दिवशी मी फळीवरची सगळी पाकिटं काढली, बिस्किटं काढली, टोस्टचा डबा काढला. ही मशीनवरून बघत होती. "टोस्ट तं राहू द्या," म्हणाली. नाही म्हणजे नाही! मी तो डबा शेजारी नेऊन दिला आणि परत येताना एक टोस्ट खाल्ला. एकच.

आणि आम्ही भात सोडला. हे वाक्य लिहायला सोपं आहे. आम्ही धानाच्या मुलखातली माणसं, दोन वेळा ताटात भाताचा ढीग नसला तर जेवलो असं वाटतच नाही. पोळी खाल्ली तरी हात धुताना वाटतं, अजून जेवण यायचंय. भाताविना पहिल्या दिवशी पानावरून उठलो तर दोघंही एकमेकांकडे असं बघत होतो, जणू घरातलं कोणी गावाला गेलंय. पण सोडला. शाळेत सांगितलं, शेजारी सांगितलं, लग्नाच्या पंगतीत वाढणाऱ्याचा हात धरून मोठ्यानं सांगितलं, "भात नको बापा, सोडला आम्ही." लोक आदरानं बघायचे. मला ते फार आवडायचं.

महिन्यानं डॉक्टरकडे तपासणीला गेलो ते छाती काढून. हिची साखर उतरायची सोडून थोडी चढलीच होती. डॉक्टरनं विचारलं, "ताई, खाता काय ते सांगा." ही बोटांवर मोजत अभिमानानं सांगायला लागली. सकाळी पोहे, घरचे, कमी तेलाचे. चार वाजता मुर्रा, म्हणजे मुरमुरे, त्यात कांदा, सांबार म्हणजे कोथिंबीर, आणि फल्लीदाणे. दुपारी तांदळाच्या पिठाची भाकर आणि भाजी. संध्याकाळी कधी धिरडं, तेही तांदळाचंच, कारण ते हलकं. रविवारी पळसाच्या पानात भाजलेले पानगे. "भाताले मातर हात नाई लावला, साहेब. एक शीतसुदिक नाई."

डॉक्टरनं पेन खाली ठेवलं. "हे सगळं कशाचं होतं हो?"

मी चिडलो. "पोहे पोह्याचेच असतात न!"

डॉक्टर माझ्याकडे बघत राहिला. मग त्यानं हिच्याकडे बघितलं. आणि मग मला उमगलं. हिलाही उमगलं, कारण तिनं पदर तोंडाला लावला. पोहे धानाचे, मुर्रा धानाचा, भाकर, धिरडं, पानगे, सगळं धान. आमच्या डोक्यात तांदूळ म्हणजे गंजात शिजतो तो. बाकीचं म्हणजे नाश्ता, पाहुणचार, येता-जाताचा खाऊ. डॉक्टर इथलाच, लाखांदूरकडचा. तो हसायला लागला तर चष्मा काढून डोळे पुसावे लागले त्याला. "अहो, अख्खी बांधी खाल्ली तुम्ही महिन्याभरात, फक्त गंजात नाही शिजवली!" बांधी म्हणजे आमच्याकडे धानाच्या शेताचा बांध घातलेला तुकडा. कंपाउंडरही हसला. पण हसणं झाल्यावर डॉक्टर म्हणाला, "दोन महिने राहिले," आणि ते हसून नाही म्हणाला.

वाटेत आम्ही भांडलो. हिनं म्हटलं, इतकी वर्षं कागद काळे करून एवढंही कळलं नाही का तुम्हाला. मी म्हटलं, रांधतो मी, मागते तू, पानगे मागितले कोणी? मी आवाज चढवला. मला आवाज चढवता येतो, ते एक मला चांगलं जमतं. घरी पोचेपर्यंत ही रडत होती आणि मला स्वतःच्या कानाखाली द्यावीशी वाटत होती. तिला माझा राग आला म्हणून ती रडत नव्हती. तिला भीती वाटत होती आणि त्या भीतीत तिच्यासोबत कोणी नव्हतं.

त्याच आठवड्यात, शाळा सुटल्यावर, मी आरोग्य उपकेंद्रात गेलो. तिथल्या सिस्टरबाईंना म्हटलं, मला सुई टोचायला शिकवा. त्यांना आधी वाटलं मी गंमत करतोय. मग त्यांनी पाण्यानं भरलेली सिरिंज हातात दिली आणि म्हणाल्या, पिशवीतलं वांगं काढा. बाजाराचा दिवस होता, वांगी होतीच. पहिल्या वांग्यावर सुई नेताना माझ्या कपाळाला घाम. वांग्याला काय होणार होतं? पण माझा हात असा थरथरला की सुई वांग्याच्या देठात घुसली. सिस्टरबाई म्हणाल्या, "बाबूजी, पेशंट दगावला." मी आठ दिवस रोज गेलो. घरी सांगितलं, शाळेत ऑडिट आहे.

आणि घरी खरा स्वयंपाक सुरू झाला. ज्वारी आणली. आमच्याकडे ज्वारीची भाकर फारशी कोणाला जमत नाही, ती पश्चिमेकडच्या लोकांची. हिनंही आयुष्यात कधी केली नव्हती. त्यामुळे शिकवणारं कोणी नाही आणि नावं ठेवणारंही कोणी नाही. मी थापायचो, ती फुटायची. उचलताना अर्धी हातात, अर्धी परातीत. ही भिंतीपलीकडून मशीन चालवता चालवता ओरडायची, "गरम पानी घेतलं का?" आणि करपल्याचा वास आला की मशीन थांबायचं. एकदा आत आली, भाकरीचे तुकडे पाहिले आणि म्हणाली, "हे काय, महाराष्ट्राचा नकाशा काढून राहिले का?" पंधरा दिवसांनी पहिली भाकर टम्म फुगली तेव्हा मी हिला हाक मारून बोलावलं, आणि ही अर्धा शिवलेला ब्लाउज हातात घेऊन धावत आली. दोघंही तव्याजवळ उभे राहून ती फुगलेली भाकर बघत राहिलो, तोवर खालून ती करपली.

तांदूळ पूर्ण सोडायचा नव्हता, कमी करायचा होता. म्हणून भरडाई गिरणीत गेलो आणि म्हटलं, पॉलिश करू नका, कोंडा राहू द्या. गिरणीवाल्यानं विचारलं, "काहून बाबूजी, म्हैस घेतली का?" मी म्हटलं, आम्हीच खाणार. तो कळवळला. पांढराशुभ्र दाणा काढण्यात त्याची हयात गेलेली. "पाव्हने आले तं काय म्हनतीन?" त्यानं शेवटी काढून दिला, पण कोणाला गिरणीचं नाव सांगू नका म्हणाला. तो तांदूळ मी पहिल्या वेळी नेहमीच्या शिट्ट्या देऊन उतरवला आणि दाताखाली असा आला की ही म्हणाली, "भात चावून राहिलो का रेती?" आता रात्रीच भिजवतो. रविवारी एक मूठ, दोघांत. तो एक मूठ भात आम्ही इतका हळू खातो की वरण थंड होतं.

बाकी दिवस अंबाडी, तरोट्याची कोवळी पानं, शेवग्याच्या शेंगा, बोडीतली, म्हणजे शेतातल्या तळ्यातली मासोळी, बरबटी म्हणजे चवळी, चणे, जवसाची चटणी. भाजी निवडायला ही माझ्याजवळ खाली बसायची. पाय दुखतात म्हणायची आणि तरी बसायची. आणि बोलायची. लेकरं गेल्यापासून आम्ही टीव्हीसमोर पार्सल खात होतो आणि आपसात 'लाइट बिल भरलं का' एवढंच उरलं होतं, हे मला तेव्हा कळलं. जेवणानंतर तहसीलपर्यंत चालत जायचो. लोक विचारायचे, काही काम होतं का तहसीलीत? ही सांगायची, "नाई, साखर जमा कराले चाललो." समोसेवाला दुरूनच उदास होऊन बघायचा.

पण ती घाबरायची. भाकर खाता खाता मधेच हात थांबायचा. एकदा म्हणाली, "इतकं करून बी नाई उतरली तं?" मी तिच्या भाकरीवर चटणी वाढली. सिस्टरबाईंकडे सुई शिकून आलोय हे मात्र सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिला वाटलं असतं, यांनी आधीच हार मानली.

तीन महिने झाले. डॉक्टरनं रिपोर्ट उघडला, ही माझ्या शर्टाची बाही धरून बसली होती. "उतरली," डॉक्टर म्हणाला. "छान उतरली! सुई नको." मी टेबलावर हात आपटला, कंपाउंडर दचकला. माझीही काठावरून आत आली होती, ती कोणी विचारलीही नाही. मग डॉक्टर म्हणाला, "आता नको, एवढंच. हा आजार जात नाही, ताई. पुढे वय वाढल्यावर कधी लागलीच तर लागेल. तोवर हे असंच चालू ठेवा."

हिनं मान हलवली, हसली, डॉक्टरला घरच्या जवसाच्या चटणीची पुडी दिली. पण मोहाडी जवळ आली तशी मागून म्हणाली, "थांबवा न गाडी." रस्त्याच्या कडेला तलावाची पाळ होती. उतरली आणि पाण्याकडे तोंड करून उभी राहिली.

"आज वाचली," म्हणाली. "पन कधी ना कधी लागनच. तवा कोन टोचन मले?"

"मी टोचन."

वळून पाहिलं तिनं. "तुमी? काहून मजाक करून राहिले?"

मग मी सांगितलं. ऑडिट नव्हतं ते सांगितलं, वांग्याचं सांगितलं. आणि शेवटच्या दिवशी सिस्टरबाईंना सलाइनचं पाणी भरायला लावून मी माझ्याच पोटात सुई टोचून पाहिली, तेही सांगितलं. डोळे उघडे ठेवून. पळालो नाही.

तिचे डोळे भरले. "वांगं रडत नाई," म्हणाली. "माह्या डोयात पानी आलं तं?"

"तं माह्याबी येन. पन हात हालनार नाई."

रस्त्यानं सायकली जात होत्या, बाजारातून परतणाऱ्या बाया जात होत्या, त्यातल्या दोघी-तिघी आमच्या ओळखीच्या. हिनं माझा उजवा हात दोन्ही हातांत धरला आणि त्या सगळ्या जाईपर्यंत सोडला नाही.