जावईबापूंची टाकी रिकामी होईना

जावई दारात आला की आमच्याकडं त्याला पाण्याचा तांब्यासुद्धा उचलू देत नाहीत. त्यात तो धोंड्याचा महिना. अधिक महिन्यात लेक-जावयाला बोलवायचं, त्याचे पाय धुवायचे, अंगावर नवे कपडे घालायचे आणि पुरणाचे धोंडे आग्रह करकरून खाऊ घालायचे, ही रीत. मी सगळं यथासांग केलं. पांढराशुभ्र सदरा आणला, लेंगा आणला. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर तोच जावई, त्याच पांढऱ्या सदऱ्यात, आमच्या अंगणात गाडीखाली उताणा पडून संडासाच्या नळाशी झगडतोय.

गाडीचं सांगते, म्हणजे कळेल. जावई चाकणला कंपनीत आहे. त्यानं एका मित्राबरोबर जुना टेम्पो ट्रॅव्हलर घेतला आणि त्याचं आतून घर करून टाकलं. झोपायला पलंग, घडीचं टेबल, शेगडी, आणि मागच्या कोपऱ्यात दार लावता येईल असा इंग्लिश संडास. ज्याला फिरायला जायचं त्याला ती भाड्यानं द्यायची. संडासाचं सगळं खाली एका टाकीत साठतं. टाकी भरत आली की गाडीमागं जाड पाइप जोडायचा, दांडा ओढायचा आणि कुणाच्या तरी सेप्टिक टाकीत रिकामी करायची. किती भरली ते कळायला आत दिव्यांची एक उभी ओळ आहे. टाकी भरली की सगळे दिवे लागतात, रिकामी झाली की सगळे विझतात.

तर ती गाडी आधी भीमाशंकरला कुणा पार्टीला दिली होती. ती मंडळी पोटभर फिरली, आणि तशीच भरलेली टाकी घेऊन गाडी आमच्याकडं पिंपरी पेंढारला आली. आमच्या घरामागं सेप्टिक टाकी आहेच, तिथं रिकामी करू असं जावयानं ठरवलं होतं. त्यात अवघड काय आहे, असं सगळ्यांनाच वाटलं.

आता ही गाडी खरी कुणासाठी आणली होती, तर आमच्या वन्संसाठी. वन्सं म्हणजे माझी थोरली नणंद. आमच्याकडंच राहतात. आयुष्य गेलं पण त्यांनी समुद्र पाहिला नाही. जायचं नव्हतं असं नाही. गुडघे गेलेत, खाली बसता येत नाही, आणि रस्त्यातल्या संडासांचं काय सांगावं. गावातल्या बायका ट्रॅव्हल्स करून देवाला निघाल्या की या म्हणायच्या, मला घरी लई कामं हायेत. लग्नाला गेल्या तर अक्षता पडायच्या आत परत निघायची घाई. ओतूरच्या बाजाराला गेल्या तरी तेच. कारण कुणाला सांगायच्या नाहीत, पण घरात सगळ्यांना ठाऊक. जावयानं गाडीतला इंग्लिश संडास दाखवला तेव्हा त्या आत जाऊन कपड्यांसकट त्यावर बसून बघून आल्या. बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "मी येते समुद्राला."

पण अट घातली. दुसऱ्याची घाण बुडाखाली घेऊन मी माळशेज उतरणार न्हाई. टाकी साफ पाहिजे, दिवे विझलेले पाहिजेत. आणि दोन दिवसांनी गाडी पुढच्या पार्टीला द्यायची होती. म्हणजे सकाळी निघालो तर निघालो, नाहीतर वन्संचा समुद्र राहिला तो राहिलाच.

सकाळी जावयानं पाइप जोडला, दांडा ओढला. धो धो आवाज आला, सगळ्यांनी नाकाला पदर लावले, वरचे दिवे एकेक करून विझले. आणि खालचे दोन तसेच. पाइपातून येणं बंद, दिवे काही विझेनात. जावयानं दांडा आत-बाहेर केला, टाकीवर बुक्क्या मारल्या, काही नाही.

इथून पुढं आमच्या घरानं जी कामगिरी केली ती काय वर्णावी. जावयानं काही करायला हात घातला की कुणीतरी तो काढून घ्यायचं. आमचे हे, म्हणजे मालक, दांडा हातातून घेऊन म्हणायचे, तुम्ही बसा जावईबापू, चहा घ्या. मग त्यांना दांडा कुठल्या बाजूला ओढायचा ते ठाऊक नाही. ते उलटा ढकलायचे, आणि खुर्चीवर बसलेला जावई चहाचा कप हातात घेऊन तिथून सांगायचा, मामा, अलीकडं, अलीकडं. मी मधेच जाऊन त्याला आणखी एक धोंडा वाढायची. तो म्हणाला, मामी, पोटात जागा नाही. माझी लेक लांबून म्हणाली, टाकीतपण नाही. हसून हसून तिला ठसका लागला.

पहिला अंदाज असा निघाला की भीमाशंकरच्या मंडळींनी पाणी कमी वापरलं आणि खाली गोळा होऊन बसलाय. आम्ही विहिरीची मोटर चालू करून वरून पाणी सोडलं. ते पाणी सगळं खाली आलं, चांगलं स्वच्छ आलं, आणि दिवे होते तिथंच. मग शेजारचे भाऊ आले. त्यांच्याकडं टोमॅटोवर औषध मारायचा मोठा पंप आहे. त्यांना वाटलं, प्रेशरनं मारलं की काय राहतंय आत. त्यांनी नळी संडासातून खाली घातली आणि पंप चालू केला. प्रेशर खाली गेलं, खालून वळलं आणि आलं तिथूनच वर. भाऊ चपळ, ते बाजूला झाले. त्यांच्या मागं जावई वाकून बघत होता. सदऱ्याचा रंग काय झाला ते मी लिहीत नाही. मी म्हटलं, काढून द्या, पिळून टाकते. तर भाऊ म्हणतात, राहू द्या वहिनी, अजून लई काम बाकी हाय.

मग जावयानं मोबाइलवर बघितलं. तिकडं परदेशात अशा गाड्या घरोघरी, तिथला एक माणूस सांगत होता की टाकीत बर्फ टाका, पाणी टाका आणि गाडी फिरवून आणा. बर्फ आदळून आदळून आतून घासून काढतो. हायवेच्या रसवंतीवाल्याकडून बर्फ आणला. त्यानं विचारलं, घरी कार्यक्रम हाय काय. मालक म्हणाले, हो, हाय एक. बर्फाची पोती संडासात रिकामी करताना वन्सं ओट्यावरून बघत होत्या. म्हणाल्या, "घाणीला सरबत पाजताय व्हय?"

बर्फ घेऊन गाडी गावातून फिरली. मारुतीच्या देवळाला वळसा, शाळेवरून पुढं, खड्ड्याखड्ड्यांतून मुद्दाम. आत खडखड खडखड आवाज. पारावरचे लोक उठून उभे राहिले, कुणी विचारलं तर मालक खिडकीतून हात हलवायचे, जणू निवडून आलेत. परत आले, गाडी होती त्या जागी लावली, पाइप जोडला. गार पाणी आलं, थोडी बर्फाची कणी आली. आणि ते दोन दिवे तसेच.

आता उन्हं वर आली. जावई पायरीवर बसला. माझ्या लक्षात आलं की त्याला गाडीचं एवढं वाईट वाटत नव्हतं. वन्सं सकाळपासून नवी साडी नेसून, पिशवी मांडीवर घेऊन बसल्या होत्या, आणि आता त्यांनी ती पिशवी हळूच खाली ठेवली. म्हणाल्या फक्त, जाऊ द्या पाव्हणं, समुद्र कुठं पळून चाललाय. आवाज असा काढला की जणू त्यांनाच जायचं नव्हतं.

मला काही सुचेना, मी चहा केला. म्हटलं निदान गाडीत बसून तरी प्या, एवढं घडीचं टेबल आहे तर. वन्संना आधार देऊन वर चढवलं. त्या चहा नेहमी बशीतच पितात. बशी टेबलावर ठेवून चहा ओतला, तर पुढच्या कडेवरून सांडला आणि मागची निम्मी बशी कोरडीच राहिली. वन्संना निमित्त हवंच होतं. म्हणाल्या, "काय गाडी केलीय, पाव्हणं. बशीत चहा ठरत न्हाई, सगळा डायवरकडं पळतोय."

मी फडकं घेऊन पुसत होते. पुसता पुसता माझा हात थांबला. चहा ड्रायव्हरकडं पळतोय. पाइप तर मागं आहे.

मी जावयाला हाक मारली आणि बशीकडं बोट दाखवलं. तो बघत राहिला. मग कपाळावर हात मारून घेतला.

झालं होतं असं. आमचं अंगण फाटकाकडं उताराचं आहे, आणि फाटक पूर्वेला. गाडी आली तेव्हा मालकांनी पूजेसाठी तिचं तोंड पूर्वेला करून लावली होती, नारळ फोडला होता, आणि दारात नवी आलेली गाडी पूर्वेला तोंड करूनच उभी राहील असं बजावलं होतं. फिरून आली तरी परत तशीच लावली. म्हणजे गाडीचं नाक खाली, शेपूट वर. टाकीतलं उरलेलं सगळं पुढच्या टोकाला साठून बसलेलं, आणि आम्ही मागून नळ उघडून वाट बघतोय.

जावई म्हणाला, गाडी फिरवून लावू. मालकांना ते पटेना, प्रवासाला निघायच्या आधी गाडीचं तोंड मावळतीला नको म्हणाले. त्यावर वाद झाला असता, पण फिरवली तर पाइप सेप्टिक टाकीपर्यंत पुरत नव्हता, म्हणून मालक जिंकले. मग नाकच वर उचलायचं ठरलं. भाऊंनी बांधावरचे सपाट दगड आणले, मालकांनी गोठ्याच्या जुन्या दाराच्या फळ्या आणल्या, पुढच्या चाकांसमोर चढण केली. जावई स्टेअरिंगवर बसला, आणि या दोघांनी दोन बाजूंनी येऊ द्या, येऊ द्या असा आरडा लावला. गाडी नाक वर करून थांबली, बैलानं मान वर करावी तशी. मग दांडा ओढला. जे आलं त्याबद्दल जास्त बोलत नाही. बर्फही आला, अजून विरघळला नव्हता.

मी पळत जाऊन दिवे बघितले. एक विझला. एक लागलेलाच.

जावयानं सांगितलं की टाकी रिकामी आहे, आत कागद नाहीतर काहीतरी चिकटून राहिलंय, म्हणून दिवा खोटं सांगतोय. असं होतं, धुतल्यावर जाईल हळूहळू. पण वन्संना काय त्याचं. दिवा लागलाय म्हणजे आत हाय, असं म्हणून त्या ओट्यावर घट्ट बसल्या. जावयानं शपथ घेतली. मालकांनी समजावलं. मी म्हटलं, वन्सं, सकाळपासून एवढा खटाटोप कुणासाठी चाललाय?

त्या काठी टेकत उठल्या आणि गाडीकडं गेल्या. मालकांना वाटलं काठी घेऊन दिवाच फोडतात की काय. त्या गाडीच्या बाजूला गेल्या, खांद्यावरचा पदर खोचला आणि काठीनं खालून टाकीवर टकटक केलं. मागं केलं, मधे केलं, पुढं सरकून पुढच्या टोकाला केलं. कान देऊन ऐकलं. आमच्या गच्चीवरच्या सिंटेक्सच्या टाकीला त्या रोज सकाळी जिन्यातून अशीच काठी मारतात आणि किती पाणी आहे ते अचूक सांगतात. मोटर लावायची की नाही ते घरात त्याच ठरवतात.

"वाजतीय," त्या म्हणाल्या. "रिकामी हाय. दिव्याचं काय खरं धरताय? चला, निघा."

आम्ही जेवलोसुद्धा नाही. धोंडे डब्यात भरले. जावयाला मालकांचा सदरा दिला, तो त्याला पोटावर बसेना, तसाच घालून त्यानं गाडी चालवली. माळशेजच्या वळणावर वन्सं मागच्या कोपऱ्यात आत गेल्या. जावयाला निरोप आला की गाडी सावकाश घ्या. त्यानं इतकी सावकाश घेतली की मागच्या ट्रकवाल्यानं हॉर्न वाजवून वाजवून बेजार केलं. बाहेर येऊन त्या पलंगावर बसल्या, खिडकी उघडली आणि डोंगर बघू लागल्या. त्यांना मी असं निवांत बाहेर बघताना प्रवासात कधी पाहिलं नव्हतं.

समुद्रावर पोचलो तेव्हा दिवस कलायला आला होता. वन्संना वाळूत प्लास्टिकची खुर्ची मांडून दिली. लाट आली की पाय भिजायचे, त्या साडी वर धरायच्या, लाट गेली की सोडायच्या. आमचं बघून झालं. जावयाला भूक लागली होती, मालकांना चहा हवा होता, लेकीचे फोटो संपले होते. मी जाऊन म्हटलं, वन्सं, चला आता.

"तुमी जावा," त्या माझ्याकडं न बघता म्हणाल्या. "मला कसली घाई हाय?"

मग आम्हीच डबा घेऊन त्यांच्या शेजारी वाळूत बसलो.