मंगळवारच्या बाई

आमच्या बराकीत जे शब्द फक्त शिवी म्हणून वापरले जायचे, ते बाई भाज्यांची नावं घ्यावीत तसे घ्यायच्या. आवाज खाली नाही, नजर चोरणं नाही. पहिल्या मंगळवारी आम्ही सगळे तोंडावर हात धरून हसलो. बाईंनी हसणं संपू दिलं. मग म्हणाल्या, "ज्याला लघवीला जळजळ होते, त्यानं हात वर करायचा नाही. जाताना माझ्याकडे डोकेदुखीची गोळी मागायची. मी समजेन." त्या दिवशी सात जणांचं डोकं दुखत होतं.

आम्ही एकोणीस ते बावीस वर्षांचे कच्चे कैदी. मी एका मारामारीत सापडलो होतो आणि तारखेमागून तारीख पडत होती. बाई सरकारी दवाखान्यात परिचारिका होत्या, निवृत्तीला आलेल्या. दर मंगळवारी नागावहून एसटीनं यायच्या. बराकीत एकच वस्तरा सगळ्यांच्या गालांवरून फिरायचा, एकाच सुईनं हातांवर नावं गोंदली जायची. आणखीही काही घडायचं, त्याबद्दल कुणीच बोलायचं नाही. बाईंना ते ठाऊक होतं. "काय केलंत ते मी विचारत नाही," त्या म्हणायच्या, "अंगाला काय झालंय तेवढं सांगा."

एक मात्र त्या प्रत्येकाला विचारायच्या. सुटल्यावर काय करणार? बहुतेकांचं उत्तर ठरलेलं, "काय न्हाय." आमच्या कुठल्याही आजाराला बाई कधी दचकल्या नाहीत, पण या उत्तरानं त्यांचा चेहरा उतरायचा. "ज्याला उद्याच नाही, तो आज जपेल कशाला?" असं स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणायच्या.

हेमंत तेवढा वेगळा. दिघीजवळच्या कोळीवाड्यातला, माझ्या शेजारी झोपणारा. तो ताडकन म्हणाला, "बोट घेनार. माजी सोताची." बाई इतक्या खूश झाल्या की त्यांनी त्याला बोटीचं नाव काय ठेवणार तेही विचारलं. त्यानं आईचं नाव सांगितलं.

त्याच हेमंतनं एका दुपारी मला बाजूला नेलं. जांघेत गाठ आली होती, ताप सुटत नव्हता. "बाईला सांगू काय रं? रक्त तपासतील."

मी म्हणालो, "येडा हायस? वहीत लिवतील. कोळीवाड्यात कळलं तर पोरगी कोन देनार तुला?"

मला खरं तर काहीच माहीत नव्हतं. बाईंच्या तोंडून एकाचंही नाव कधी बाहेर गेलं नव्हतं. मी उगाच शहाणपणा केला. पुढच्या मंगळवारी हेमंत पाठ करून पडून राहिला. बाईंनी दोनदा हाक मारली. दोन महिन्यांनी तो जामिनावर सुटला.

माझीही निर्दोष सुटका झाली आणि आगरदांड्याच्या फेरीबोटीवर काम मिळालं. तीन वर्षं गेली. एके सकाळी बाई धक्क्यावर उभ्या दिसल्या. निवृत्त झाल्या होत्या, केस पार पांढरे. त्यांनी सांगितलं, हेमंत गेला. दवाखान्यात आणला तेव्हा नुसता सापळा उरला होता. एचआयव्ही होता, त्यावर क्षय. ओळखीच्या नर्सनं कळवलं म्हणून शेवटचे चार दिवस बाई त्याच्याजवळ बसल्या होत्या.

"आत असताना का नाही बोललास, विचारलं मी. म्हणाला, दोस्त नको बोलला." बाईंनी माझ्याकडे पाहिलं. "तो तूच ना?"

"व्हय."

मला वाटलं, थोबाडीत मारतील. त्यांनी मारावीच असं वाटत होतं. त्या म्हणाल्या, "तोच वस्तरा तुझ्याही गालाला लागलाय. चल, आज रक्त दे."

दिवसभराची रजा टाकून मी त्यांच्याबरोबर गेलो. सुई टोचताना त्यांनी माझा दुसरा हात धरला होता. तपासणीत काही निघालं नाही. ते ऐकल्यावर बाकड्यावर बसून बाई रडल्या. "त्याचं गोळ्यांवर निभावलं असतं रे. बोटीवर गेला असता तो." निघताना मी विचारलं, त्याला मीच अडवलं हे त्याच्या आईला सांगू का? "माझ्या तोंडून काही जाणार नाही," त्या म्हणाल्या. "तुझं तू ठरव."

बाई गेल्या पावसाळ्यात वारल्या. घरी दर्शनाला गेलो तर अंगणात तिशीतले अनोळखी पुरुष उभे होते. कुणी कुणाला विचारलं नाही की बाई तुमच्या कोण. मला कळलं, हेही मंगळवारचेच; त्यांनाही माझं कळलं असावं.

हेमंतची आई सुक्या मासळीची पाटी घेऊन आमच्याच फेरीनं पलीकडे जाते. मी तिची पाटी उतरवून देतो. ती मूठभर सुकट कागदात बांधून माझ्या हातात कोंबते, नको म्हटलं तरी.

"एकटाच तू त्याचा जिवाचा व्हतास," ती म्हणते. "तुला तरी काय बोलला व्हता काय रं, काय दुखतंय म्हनून?"

"न्हाय, काकी," मी म्हणतो, आणि दोर सोडायला वळतो.