रामकिसन सरांनी न केलेली दुरुस्ती

रामकिसन सरांनी गारखेड्यातील एका शाळेत सव्वीस वर्षे दहावीला विज्ञान शिकवले. आनुवंशिकतेचा धडा आला की ते फळ्यावर चार चौकटी आखत आणि उंच व बुटक्या वाटाण्याची उदाहरणे सोडवून घेत. त्यांची मुलगी सायली हाच धडा त्याच वर्गात, दुसऱ्या बाकावर बसून शिकली.

सरांची थोरली बहीण गोजरबाई शेंद्र्याला दिलेली. भावाची मुलगी सून म्हणून मागण्याचा बहिणीचा हक्क त्यांच्या नात्यागोत्यात आजही मानला जातो. गोजरबाईने आपल्या मुलासाठी, कृष्णासाठी, सायलीला मागितले आणि सरांनी त्याच बैठकीत होकार दिला. कृष्णा शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात सुटे भाग तपासायला होता. निर्व्यसनी आणि शब्दाला जागणारा मुलगा.

सायली आणि कृष्णाचा पहिला मुलगा विश्वजित वयाच्या आठव्या महिन्यात पांढरा पडू लागला. थॅलेसेमियाचे निदान झाले. दर तीन आठवड्यांनी रक्त चढवावे लागेल, असे डॉक्टरांनी सांगितले. आईवडील दोघेही वाहक निघाले. दोष अंगात असूनही स्वतः निरोगी.

त्यानंतर सरांनी एक गणित मांडले. हा दोष आपल्या आईकडून, भामाबाईकडून, आला असावा असे त्यांनी धरले. आईकडून आपल्यापर्यंत तो येण्याची शक्यता निम्मी, आपल्याकडून सायलीपर्यंत पुन्हा निम्मी. गोजरबाईमार्फत कृष्णापर्यंतही तेवढीच. दोघेही वाहक असण्याची शक्यता सोळांत एक. त्यांचे मूल आजारी निघण्याची चौसष्टांत एक. अपूर्णांक इतका लहान होता, की त्यात स्वतःचा दोष शोधणे कठीण जावे. सरांना तो तरीही सापडला. लग्नाआधी दोघांचे रक्त तपासून घेण्यास सांगणे त्यांच्या हाती होते. ते त्यांना सुचलेच नव्हते.

पाचव्या वर्षी जंतुसंसर्गाचे निमित्त होऊन विश्वजित गेला.

चौदा महिन्यांनी सायलीला पुन्हा दिवस राहिले. बाराव्या आठवड्याच्या आत गर्भाला पोसणाऱ्या वारेचा अंश तपासता येतो आणि मूल आजारी आहे का ते कळते, असे डॉक्टरांनी सुचवले. त्या रविवारी सगळे सरांच्या पुंडलिकनगरच्या घरी जमले होते. धोका किती, असे कृष्णाने विचारले. सरांनी कॅलेंडरच्या जुन्या पानामागे चार चौकटी आखल्या आणि दोघेही वाहक असल्याने चारांत एक, असे सांगितले.

कृष्णाने कागद जवळ ओढला. "म्हणजे मामा, चार नगांत एक रिजेक्ट. तो तर गेला निघून. राहिलेले तीन ओके, व्हय ना?"

कारखान्यात हे बरोबरच होते. खोक्यातून खराब नग बाजूला काढला की उरलेले चांगले ठरत. गर्भाचे खोके मात्र दर वेळी नव्याने भरले जाते आणि धोका पुन्हा चारांत एकच राहतो. सरांनी हे वाक्य किती तुकड्यांना लिहून दिले होते! पण तेवढ्यात गोजरबाई म्हणाली, "आता नगं बाई त्या सुया अन् तपासण्या. देवानं एक नेलं, लई झालं." विश्वजित गेल्यापासून ती भावाशी नीट बोललीही नव्हती. आज तिने स्वतः उठून त्याच्यापुढे चहाचा कप ठेवला. सरांनी चहा घेतला. सायली खाली मान घालून बसली होती. तपासणी झाली नाही.

संस्कृती जन्मली आणि दहाव्या महिन्यात तिलाही रक्त चढवणे सुरू झाले.

ती दोन वर्षांची असताना कृष्णा एकदा बोलून गेला, की चारांतले दोन झाले, पुढचे तरी नक्की चांगले असेल. तेव्हा सरांनी त्याला समोर बसवले आणि गर्भ दर वेळी नवा, धोकाही नवा, हे सावकाश समजावून सांगितले. कृष्णाला ते लगेच कळले.

"मामा, त्या दिवशी तुम्हाला हे ठाऊक होतं?"

"होतं."

सायली दारात उभी होती. "मलाही होतं," ती म्हणाली. "अण्णांनीच वर्गात शिकवलं होतं. तपासलं असतं तर मूल ठेवायचं की नाही ते ठरवावं लागलं असतं. माझ्याच्यानं ते झालं नसतं."

सरांनी मुलीकडे पाहिले. आपल्या मौनाचा भार आजवर ते एकट्याचाच समजत आले होते. तो वाटला गेला, तरी हलका झाला नाही.

भिंतीला टेकून झोपलेल्या संस्कृतीला कृष्णाने नीट आडवे केले, तिचे ओठ किती फिके पडलेत ते पाहिले आणि रक्ताची पुढची तारीख कोणती, एवढेच विचारले.

"मंगळवार," सर म्हणाले. "मी नेतो."

"नाय मामा," कृष्णा म्हणाला, "आता मीच नेत जाईन."