नवऱ्याच्या मापाची सोनामुखी

माझ्या शुद्धलेखनाची कोणी थट्टा करू नये, चौथीपर्यंतच शिकले. अक्षर तर असं की सामानाची यादी मीच लिहिते आणि दुकानात मलाच वाचता येत नाही.

मागच्या पावसाळ्यात माझं पोट चार-चार दिवस साफ होत नव्हतं. सिंदेवाहीला एक म्हातारे हकीम युनानी दवा देतात. पण परक्या पुरुषाला हे सांगायचं कसं? बसमध्ये सगळा रस्ता वाक्य घोकत गेले.

"तकलीफ कोणाले आहे, बाई?" सगळं ऐकून हकिमांनी विचारलं.

"आमच्या घरच्यांले," माझ्या तोंडातून निघालं.

माणसाची ताकद पाहून ते दवा तोलतात. "अंगानं कसे आहेत?"

"धानाचं पोतं एकटेच उचलते."

मग त्यांनी पोट साफ करणारी सोनामुखीची पानं, गुलाबपाकळ्या, बडीशेप, सगळं हात सैल सोडून बांधलं. मला पन्नास रुपये कमी पडले. "राहू द्या. त्यायलेच पाठवा, नाडी पाहतो, पैसे तेव्हा घेतो."

झाली पंचाईत. ज्याला काहीच झालं नाही त्याला पाठवू कशी?

घरी काढा केला आणि पोतं उचलणाऱ्याचं माप मी प्यायले. माझ्याच्यानं पाण्याची कळशी धड उचलवत नाही. दुसऱ्या दिवशी रोवणा होता, धानाची लावणी. बाया ओळीनं चिखलात वाकलेल्या, आणि मी दर घडीला धानाची बांधी सोडून झाडीकडे.

"काऊन वो, तिकडं कोणाच्या शेतात रोवून राह्यली?" शेजारची ओरडली. सगळी ओळ हसली. मला उत्तर द्यायलाही वेळ नव्हता.

त्यानंतर दोनदा सिंदेवाहीला गेले, आणि हकिमांचं दुकान दिसताच दुसऱ्या गल्लीत वळले. पोट मात्र पुन्हा अडलं. तिसऱ्यांदा गेले तेव्हा पायरी चढलेच.

"घरचे नाई आले?"

"त्यायले काई झालंच नव्हतं. मलेच होतं." एवढं बोलून मी भिंतीकडे पाहत राहिले.

हकिमांनी हातातला तराजू खाली ठेवला. म्हणाले, "आणि धानाचं पोतं?"

"ते खरंच तेच उचलते."

ते इतके हसले की चष्मा काढून पुसावा लागला. मग माझी नाडी पाहिली, सोनामुखी बंद केली आणि दुधासोबत गुलकंद घ्यायला सांगितलं. गुलकंदाचे पैसे आधी दिले. मग घामानं ओली झालेली पन्नासची नोट त्यांच्यापुढे ठेवली, आणि मागची उधारी पुरती फिटली.