शंकराचा पार्ट

महादेवाला माणसांची पारख नाही, असं माझं पक्कं मत होतं. मी लहानपणापासून सोमवार धरतो, श्रावणात पिंडीवर बेल वाहिल्याशिवाय चहासुद्धा घेत नाही. आणि कोल्हापूरजवळच्या आमच्या साखर कारखान्याच्या नाटकमंडळात शंकराचा पार्ट कुणाला? शामरावला. जो रविवारी तांबडा रस्सा ओरपायचा आणि देवळाची पायरी जत्रेपुरती चढायचा. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, ते हेच. जत्रेतल्या नाटकात मला दरवर्षी दक्ष राजाचा पार्ट मिळे, म्हणजे शंकराचा दुस्वास करणारा. त्यासाठी मला वेगळा अभिनय करावा लागत नसे.

शामराव बॉयलरकडे कामाला होता. वाफेच्या नळ्यांची उष्णता बाहेर जाऊ नये म्हणून ॲस्बेस्टॉसची पांढरी भुकटी पाण्यात कालवून त्यांना लेप देत. ते काम त्याचं. तीच भुकटी तो जत्रेला पिशवीतून आणी आणि विभूती म्हणून अंगाला फासे. ती पांढरीशुभ्र दिसे आणि यज्ञाच्या प्रवेशात शेजारी कापूर पेटला तरी तिला काही होत नसे. आम्हा सगळ्यांना ती युक्ती फार हुशारीची वाटायची. नाटक संपलं की बायका त्याच्या पाया पडत आणि त्याच्या दंडावरची चिमूटभर भुकटी लेकरांच्या कपाळाला लावत. मी दक्षाचा मुकुट काखेत धरून हे बघत उभा राही आणि नुसता जळे.

नव्वदचं दशक संपता संपता शामरावला धाप लागू लागली, छातीत पाणी झालं. त्याला मिरजेच्या दवाखान्यात हलवलं आणि मंडळानं शंकराचा पार्ट मला दिला. खोटं कशाला सांगू, मी महादेवाला साकडं घातलं, त्याला बरा कर, पण जत्रा पार पडल्यावर.

जत्रेच्या संध्याकाळी रंगपटात मी उघड्या अंगानं बसलो होतो. शामरावची पिशवी मंडळाच्या पेटीत होती, ती उघडून मी मूठ भरली. तेवढ्यात दारात तोच. बायकोच्या, सुमनवहिनींच्या, खांद्यावर हात, अंगाचा निव्वळ सापळा. माझ्या मनात पहिलं काय आलं असेल? आला पार्ट परत घ्यायला.

"ती भुकटी खाली ठेव," तो म्हणाला.

"शामराव, औंदा पार्ट माझा हाय," मी म्हणालो.

"तुझाच हाय की. मी पार्टासाठी आलोय व्हय?" त्याला बोलता बोलता थांबावं लागलं. "डॉक्टरनं इचारलं, कसल्या धुळीत काम केलंस? सांगितलं तसं म्हणलं, हेनंच कॅन्सर झालाय. श्वासातनं आत जातंय, आन् वीस-तीस वर्सांनी वर येतंय. ते इभूत न्हाय गड्या, इख हाय. पिशवी उघडीबी ठेवू नगंस."

वहिनींनी माझी मूठ ओल्या फडक्यानं पुसली आणि पिशवीवर पाणी ओतून तिचं तोंड बांधलं. मग रंगपटामागच्या चुलीतली गोवऱ्यांची राख चाळून त्यांनीच माझ्यापुढे ठेवली. मी ती लावून रंगमंचावर गेलो. पहिल्या अंकातच ती घामानं ओघळली, मागून कुणीतरी हसलंही. शामराव शेवटपर्यंत पुढे खुर्चीत बसला. पडदा पडल्यावर सगळ्यांत आधी तोच आला आणि वाकून माझ्या पायाला हात लावला. मी आयुष्यभर ज्याची वाट पाहिली होती ते घडलं, आणि मी त्याला धरून आधी खुर्चीत बसवलं.

पावसाळा लागायच्या आत तो गेला. त्याच्या जागी देवानं मला उभं केलं असतं तर ती भुकटी माझ्या छातीत गेली असती, हा हिशेब मी पुष्कळदा मांडून पाहिला. तो सुटत नाही. एवढंच कळतं की मी मागितलेलं महादेवानं इतकी वर्षं दिलं नाही, आणि ज्याला दिलं त्यालाच, चालवत नसताना, माझ्या दारात पाठवलं. आता मी मागणं सोडलं आहे. आमच्या नाटकाआधी मी पडद्यापुढे येऊन सांगतो: घरावरचे जुने ॲस्बेस्टॉसचे पत्रे करवतीनं कापू नका, ती धूळ झाडू नका, त्या कामावरचे कपडे लेकरांच्या कपड्यांत धुऊ नका. त्या कामावर वर्षं काढलेल्यांनी धाप लागली तर डॉक्टरला आपलं काम आधी सांगावं.

नाटकानंतर कुणी म्हातारी भेटतेच. "पावणं, तुमी चांगलं करता, पर खरा शंकर शामरावच," म्हणते. अजूनही पोटात दुखतं. मी हात जोडतो आणि म्हणतो, "व्हय आजी, त्योच."