बद्द वाजणारा तुकडा

मी भंगारातून कलाकृती बनवते. हे सांगितलं की लोकांची तोंडं कशी होतात ते मला पाठ आहे. शिवाजी पेठेतल्या आमच्या शेजारणीनं तर सरळ विचारलं, "का गं, चांगल्या वस्तू परवडत न्हाईत व्हय?" परवडतात की. पण चांगल्या वस्तूशी माझं पटत नाही. तिला जे व्हायचं होतं ते ती होऊन बसलेली असते, माझ्यासाठी काही शिल्लकच ठेवत नाही.

माझे वडील, आमचे आबा, उद्यमनगरातल्या एका फाउंड्रीत तपासनीस होते. ओतलेला बिडाचा तुकडा साफ होऊन आला की ते तो तारेला टांगायचे आणि छोट्या हातोडीनं टोला द्यायचे. खणखणीत वाजला तर त्यावर पासचा शिक्का. बद्द वाजला तर आत कुठंतरी तडा. मग खडूची फुली, आणि तुकडा परत भट्टीत. घरातही तेच. बाजारातून आणलेलं मडकं, माझं प्रगतिपुस्तक, मला बघायला आलेली स्थळं, सगळ्यांना टोला. मी बहुतेक वेळा बद्दच वाजले.

गेल्या वर्षी गावातल्या कलाकारांच्या प्रदर्शनासाठी एक मोठं काम करायला घेतलं. जुन्या दाराची फळी, तिच्यावर फाटक्या चपलांचं कातडं, आणि पुढं तारेला टांगलेले फाउंड्रीतले बिडाचे नापास तुकडे. बघणाऱ्यानं हातोडी घ्यायची आणि वाजवायचं. आधी मी आकारात चुकलेले पण आवाजाला चांगले तेवढेच तुकडे टांगले. गोड वाजले, आणि पाच मिनिटांत कंटाळा आला. मध्ये एक बद्द आवाज हवा होता, म्हणजे बाकीचे नीट ऐकू आले असते. हे कळायला मला महिना लागला.

तसा तुकडा आबांच्या खाटेखालच्या पेटीत सापडला. फडक्यात गुंडाळलेला, मुठीएवढा. वाजवला तर बद्द, आणि वर आबांचा पासचा शिक्का! मी तो मधोमध टांगला.

आबांनी बघितला आणि त्यांचा चेहरा पडला. "ह्यो काढ."

तो तुकडा त्यांनीच पास केला होता; आतला बारीक तडा त्यांच्या कानातून सुटला होता. गिऱ्हाइकाच्या यंत्रात बसवल्यावर तो तडकला आणि परत आला. मालकानं सगळ्या कामगारांसमोर तो आबांच्या हातात ठेवला होता. हे सगळं मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

"मग ठेवला कशाला, आबा?"

"रोज कामाला बसताना आदी ह्यो वाजवायचो. कान इसरू ने म्हणून."

"मग ह्यो तर तुमचा गुरूच की!"

"असंल. पर घरातला. आख्ख्या कोल्हापुरात माझी चूक टांगतीस व्हय?"

मला राग आला. ज्या माणसानं जन्मभर दुसऱ्यांचे तडे शोधले, त्याचा एक तडा दिसला तर लगेच अब्रू जाते? "बाकीचं टांगलं तर ह्यो बी टांगणार," मी म्हटलं, "न्हाईतर सगळंच घरात राहील." त्यांनी जेवणाचं ताट बाजूला सारलं आणि माझ्याशी बोलणं टाकलं. वाईट वाटलं, पण तुकडा काढला नाही. शिक्का भिंतीकडं फिरवून लपवलाही नाही.

प्रदर्शनाच्या तिसऱ्या दिवशी आबा आले. डोक्यावर टोपी, आणि खिशात त्यांची स्वतःची हातोडी. माझ्याकडं न बघता ते कडेपासून एकेक तुकडा वाजवत निघाले, कान लावून, कामावर असल्यासारखे. भोवती माणसं जमली. मधल्या तुकड्यापाशी येऊन ते थांबले.

एका कडक इस्त्रीतल्या गृहस्थानं तेवढ्यात तो तुकडा बोटानं वाजवून बघितला. "आजोबा, हा खराब लागलाय. बदलायला सांगा त्यांना."

आबा त्याच्याकडं वळले.

"पावणं, बदलायचा न्हाय त्यो. माझा हाय. मी पास केलता!"

आणि त्यांनी सगळ्या ताकदीनं टोला हाणला. तो बद्द आवाज दारापर्यंत गेला असणार. मग हातोडी त्या गृहस्थाच्या हातात देत ते म्हणाले, "आता तुमी वाजवा. आनि नीट ऐका."