फुलांच्या भिंतीमागचं दार

"आधी उंट बांधा, बाई! मग अल्लाहवर सोडा!"

हेल्मेट हँडलला अडकवून मी स्कूटर काढली, की शाळेच्या फाटकातून ही आरोळी यायचीच. पैगंबरांची शिकवण म्हणे ही. अहो, कल्याणात उंट कुठून आणू? पण आमच्या सरांपुढे बोलायची सोय नव्हती. मुकाट्याने हेल्मेट डोक्यात घालायचं.

ते विज्ञान शिकवायचे, मी मराठी. दोघंही मूळचे रत्नागिरीकडचे, त्यामुळे भांडण हक्काचं. रिकाम्या वर्गात पंखा चालू दिसला की सर "इसराफ! इसराफ!" करत धावायचे. इसराफ म्हणजे उधळपट्टी. नमाजाआधी हातपाय धुवायला त्यांना तांब्याभर पाणी पुरायचं. वाहत्या नदीकाठी बसलात तरी पाणी जपून वापरा, असं त्यांच्या धर्मात सांगितलंय म्हणायचे.

"सरळ कंजूष आहात म्हणा ना," मी एकदा डिवचलं.

"कंजुषी वेगळी. तीसुद्धा गुनाहच आहे."

आणि खरंच, जिवाचा प्रश्न आला की हात मोकळा. घरी स्वयंपाकघराच्या दाराशी आग विझवायचं नळकांडं टांगलेलं. स्कूटरवर मागे बसणाऱ्या भाभींना बुरख्यावर हेल्मेट! पोरं फिदीफिदी हसायची, भाभी लाजून चूर, आणि हे मात्र ऐटीत चाललेत. "जीव अमानत आहे, बाई. दुसऱ्याची वस्तू सांभाळायला घेतली, तर मोडून परत करतो का आपण?"

एकुलत्या लेकीचं लग्न ठरलं तेव्हा त्यांनी रोषणाईला नकार दिला, फटाक्यांनाही दिला. पण मुलाचे वडील हौशी. फोटोंसाठी त्यांनी लग्नाच्या हॉलमधल्या बायकांच्या दालनात कागदी फुलांची भलीमोठी भिंत उभी करून घेतली होती. निकाहच्या दिवशी सर तिच्यासमोर येऊन थबकले.

"हिच्यामागे दार होतं ना?"

"होतं की," डेकोरेटर म्हणाला. "फोटोत वाईट दिसतं म्हणून झाकलं."

सर तडक काझीसाहेबांकडे गेले. "निकाह जरा थांबवा. आधी ती भिंत निघू दे."

मी थिजलेच! भर मांडवात बापच पोरीचं लग्न थांबवतोय? मुलाचे वडील लालबुंद झाले. "फुलाला हात लावलात तर वरात परत जाईल."

"तिकडे बायका आहेत, लेकरं आहेत. वर फोटोवाल्याचे तापलेले दिवे, खाली कागद. पेटलं तर बाहेर कुठून पडतील?"

"अल्लाहच्या मर्जीत असेल ते होईल."

"मर्जी त्याची. दार तर आपण बंद केलंय."

आवाज ऐकून लेक बायकांकडच्या पडद्याशी आली होती. "सर, पोरीकडे बघा हो," मी त्यांची बाही ओढली. त्यांनी बघितलं. डोळे भरून आले, पण शब्द मागे घेतला नाही.

वरात उठली. नवरा मुलगा खाली मान घालून बापामागे निघून गेला. खरंच गेले हो! मला वाटलं होतं, जिन्यापर्यंत जातील आणि फिरतील.

मग भिंत निघाली. मागे दार होतं, आणि दाराला गंजलेलं कुलूप. किल्ली हॉलवाल्याकडेही नव्हती. माझी नात सकाळपासून त्याच दालनात खेळत होती. कुणीतरी दगड आणून कुलूप फोडलं, तेव्हा कुठे मला श्वास घेता आला.

सर गेल्या वर्षी झोपेतच गेले. ही बातमी ऐकली आणि मला त्या दिवसाची पुढची घटकाच आठवली.

बिर्याणीच्या देगा भरलेल्या, खाणारे निघून गेलेले. सर खुर्चीत बसलेले. लेक नवरीच्याच कपड्यांत आली आणि जेवणासाठी अंथरलेल्या दस्तरखानावर सगळ्यांच्या आधी बसली.

"अब्बा, वाढा ना."

सर उठले. वाढतच राहिले, ताटात भाताचा ढीग झाला.

"जास्त वाढलंत, अब्बा," ती म्हणाली, आणि एक शीत न टाकता तिने सगळं संपवलं.